कृष्णविवर किती वेगाने फिरतंय? एक्स-रे डेटावरून स्पिन काढायची पद्धत, पहिल्यापासून शेवटपर्यंत

कृष्णविवराचा स्पिन थेट कुणालाच दिसत नाही. आपण मोजतो ती त्याच्याभोवती फिरणाऱ्या गरम वायूच्या डिस्कची आतली कड, आणि त्या कडेच्या त्रिज्येवरून स्पिन काढतो. हे आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढे जे काही करायचंय, सॉफ्टवेअर, मॉडेल, एरर बार, ते सगळं या एका त्रिज्येसाठीच आहे, आणि एखाद्या पेपरात "स्पिन ०.९९" (० म्हणजे अजिबात न फिरणारं, १ म्हणजे सैद्धांतिक कमाल) असं दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा की कड मोजली कशी आणि मोजताना काय काय गृहीत धरलं.

एमएस्सी फिजिक्सचा प्रोजेक्ट करणाऱ्यांना किंवा घरच्या लॅपटॉपवर खराखुरा सॅटेलाइट डेटा हाताळून बघायची इच्छा असणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहितोय. डेटा फुकट मिळतो, सॉफ्टवेअर फुकट आहे, फक्त वेळ आणि चिकाटी लागते. उदाहरण म्हणून सिग्नस एक्स-१ घेऊ. १९६४ मध्ये रॉकेटवर बसवलेल्या काउंटरने पहिल्यांदा दिसलेला हा सोर्स, सोबतीला एचडीई २२६८६८ नावाचा निळा महाराक्षसी तारा, आणि दोघं ५.६ दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी मारतात. याच्यावर इतकं काम झालंय की आपलं उत्तर कुठे चुकतंय ते लगेच ताडून बघता येतं.

आधी थोडं फिजिक्स, याशिवाय पुढे जाऊ नका

लांबी मोजायचं एकक म्हणजे गुरुत्वीय त्रिज्या, सूर्याएवढ्या एका वस्तुमानामागे साधारण १.४८ किमी. म्हणजे १० सूर्यांएवढं कृष्णविवर असेल तर १४.८ किमी. आता डिस्कमधला वायू हळूहळू आत सरकत येतो, पण एका ठराविक त्रिज्येच्या आत स्थिर वर्तुळाकार कक्षाच शक्य नसते, तिथून पुढे वायू सरळ आत कोसळतो आणि त्याला चमकायला फारसा वेळच मिळत नाही, म्हणून डिस्कची उजळ कड तिथे संपते. न फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी ही कड ६ गुरुत्वीय त्रिज्यांवर असते. स्पिन ०.५ असेल तर ४.२३, ०.८ ला २.९१, ०.९ ला २.३२, ०.९५ ला १.९४, आणि ०.९९८ ला फक्त १.२४. हे ०.९९८ किप थॉर्न यांनी १९७४ मध्ये काढलेली व्यावहारिक मर्यादा, कारण डिस्कमधून निघालेले फोटॉन्स कृष्णविवरात जाऊन स्पिनला थोडा ब्रेक लावतात. डिस्क उलट्या दिशेने फिरत असेल तर कड बाहेर सरकते, कमाल ९ पर्यंत.

हे आकडे परत एकदा बघा. ० ते ०.५ जाताना कड ६ वरून ४.२३ वर येते, आणि ०.९ ते ०.९९८ एवढ्याशा फरकात ती जवळजवळ अर्धी होते. म्हणून जास्त स्पिन अचूक मोजता येतो आणि कमी स्पिनला एरर बार मोठा येतो, यात तुमच्या फिटिंगचा दोष नसतो.

पहिलं काम: सोर्स कोणत्या स्टेटमध्ये होता ते बघा

नवीन मुलं हीच गोष्ट सोडून देतात आणि थेट डेटा डाउनलोड करायला बसतात. कृष्णविवराच्या बायनरी सोर्सचे ढोबळ दोन मूड असतात. सॉफ्ट स्टेटमध्ये डिस्क आतपर्यंत पोचलेली असते आणि स्पेक्ट्रममध्ये साधारण १ केईव्ही (एक्स-रे फोटॉनच्या एनर्जीचं एकक, तापमानही त्यातच सांगतात) तापमानाची डिस्कच वरचढ असते. हार्ड स्टेटमध्ये कोरोना म्हणजे कृष्णविवराजवळचा अतितप्त इलेक्ट्रॉन्सचा ढग वरचढ असतो, आणि डिस्क आतपर्यंत पोचते की अलीकडेच तुटते यावर अजून भांडणं चालू आहेत. तुटलेल्या डिस्कची कड तुम्ही शेवटची स्थिर कक्षा समजून मोजलीत तर स्पिन खऱ्यापेक्षा कमी येणार, आणि फिट मात्र दिसायला छान येईल, म्हणून फसायला होतं.

स्टेट ओळखायला स्पेस स्टेशनवरच्या मॅक्सी या जपानी मॉनिटरचे २ ते २० केईव्हीचे लाइट कर्व्ह आणि स्विफ्ट सॅटेलाइटवरच्या बॅट या मॉनिटरचे १५ ते ५० केईव्हीचे, दोन्ही ऑनलाइन रोजच्या रोज मिळतात. एकाखाली एक प्लॉट करा. मॅक्सीचा लो-एनर्जी बँड वर आणि बॅट खाली असेल तर सॉफ्ट. सिग्नस एक्स-१ मध्ये अजून एक तपासायचं: कक्षेचा फेज. सोबतीचा तारा कृष्णविवर आणि आपल्या मधे येतो त्या सुमारास त्याच्या वाऱ्यातले दाट गोळे एक्स-रे शोषतात, लाइट कर्व्हमध्ये खड्डे पडतात, आणि हे खड्डे न काढता फिट केलं तर कमी एनर्जीचा सगळा भाग वाकडा येतो.

कोणत्या सॅटेलाइटचा डेटा घ्यायचा

सुरुवातीला न्यूस्टार घ्या असंच मी सांगेन. जून २०१२ ला गेलेली ही दुर्बीण ३ ते ७९ केईव्ही बघते, म्हणजे लोखंडाची रेषा पण येते आणि २०-३० केईव्हीचा फुगवटा पण (कोरोनाचे एक्स-रे डिस्कवरून परावर्तित झाल्याच्या या दोन खुणा), आणि सोर्स कितीही उजळ असला तरी पाइल-अपची (दोन फोटॉन एकदम येऊन एकच मोजले जाण्याची) कटकट नाही. स्पेस स्टेशनवरचं नायसर ०.२ ते १२ केईव्ही बघतं, डिस्कसाठी उत्तम, दोन्हींचा एकाच वेळचा डेटा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आणि आपलं ॲस्ट्रोसॅट. २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेलं, त्यातली लॅक्सपीसी आणि एसएक्सटी ही एक्स-रे उपकरणं मुंबईच्या टीआयएफआरमध्ये बनलेली, आणि डेटा वापरणाऱ्यांना मदत करणारा सपोर्ट सेल पुण्यात आयुकात. एसएक्सटी ०.३ ते ८ केईव्ही बघतं, लॅक्सपीसी ३ ते ८० केईव्ही. डिस्क फिटिंगसाठी ही जोडी झकास आहे. २०१८ मध्ये ४यू १६३०-४७ या सोर्सचा स्पिन ॲस्ट्रोसॅट आणि नासाची चंद्रा दुर्बीण मिळून ०.९२ च्या आसपास काढला गेला. पण लॅक्सपीसीचं एनर्जी रिझोल्युशन साधारण १५ ते २० टक्के, म्हणजे ६.४ केईव्हीच्या रेषेचा बारीक आकार त्यातून काढायची अपेक्षा ठेवू नका. लॅक्सपीसी टायमिंगसाठी बनलंय, तिथे ते खरंच जगात भारी आहे, जीआरएस १९१५+१०५ मधली साधारण ७० हर्ट्झची थरथर त्याने सुंदर टिपली.

लॅपटॉप तयार करणं

लिनक्स किंवा मॅक असेल तर उत्तम, विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल टाकून घ्यावं. नासाच्या हीसार्क या डेटा संग्रहाच्या साइटवरून हीसॉफ्ट घ्यायचं, त्यातच स्पेक्ट्रमला मॉडेल फिट करणारं एक्सस्पेक येतं. इन्स्टॉल करताना सोर्स कोड कंपाइल करणारं पॅकेज निवडा, कारण पुढे रेलक्सिल नावाचं बाहेरचं मॉडेल जोडायचंय आणि तयार बायनरीत ते बऱ्याचदा जोडता येत नाही. लॅपटॉप जुना असेल तर हीसार्कचं सायसर्व्हरवरचं फुकट खातं उघडा, तिथे ब्राउझरमध्येच सगळं बसवलेलं मिळतं आणि डेटा पण शेजारीच असतो. कॅलडीबी म्हणजे कॅलिब्रेशन फायली, त्या ताज्या ठेवा. रेलक्सिल बाम्बर्गच्या वेधशाळेच्या साइटवर मिळतं, सोबतच्या टेबल फायली जड असतात, त्या एका फोल्डरमध्ये ठेवून त्या फोल्डरचा पत्ता एन्व्हायरनमेंट व्हेरिएबलमध्ये द्यायचा. हे विसरलं की मॉडेल लोड होतं पण पहिल्याच फिटला एरर येते.

डेटा स्वच्छ करणं

न्यूस्टारचा डेटा हीसार्कच्या ब्राउझमधून सोर्सचं नाव टाकून शोधायचा, आधी स्टेट तपासलेल्या तारखा हाताशी ठेवायच्या. मग हीसॉफ्टमधली न्यूपाइपलाइन ही कमांड चालवा, दोन मोड्यूलच्या, म्हणजे ए आणि बीच्या, इव्हेंट फायली मिळतील. सिग्नस एक्स-१ सारख्या उजळ सोर्सला इथे एक खास सेटिंग लागतं: डिफॉल्ट फिल्टर खूप जास्त येणाऱ्या खऱ्या फोटॉन्सना नॉइज समजून फेकून देतो, म्हणून सेकंदाला १०० काउंटच्या वर असेल तर स्टेटस एक्स्प्रेशन बदलून ती अट शिथिल करायची, नेमकी ओळ न्यूस्टारच्या मदत पानावर दिलेली आहे, तीच जशीच्या तशी कॉपी करा.

नंतर डीएस९ या इमेज बघायच्या प्रोग्रॅममध्ये इमेज उघडून सोर्सभोवती १०० ते २०० आर्कसेकंदांचं वर्तुळ, आणि बॅकग्राउंडसाठी शक्य तितक्या लांबच्या कोपऱ्यात दुसरं. न्यूप्रॉडक्ट्सने स्पेक्ट्रम काढा. शेवटी बिनिंग, म्हणजे शेजारचे चॅनेल्स एकत्र करणं: ऑप्टिमल बिनिंगचा पर्याय वापरा, डोळे झाकून "प्रत्येक बिनमध्ये २५ काउंट" करू नका, कारण त्यात रेषेजवळ गरजेपेक्षा बारीक बिन्स पडतात आणि जास्त एनर्जीला उगाच जाड.

पहिली नजर: रेशो प्लॉट

मला सगळ्यात आवडणारी पायरी ही. एक्सस्पेकमध्ये दोन्ही मोड्यूल लोड करा, ३ च्या खालचं आणि ७९ च्या वरचं इग्नोर करा, खराब चॅनेल्स काढा. ॲबंडन्स (मूलद्रव्यांची प्रमाणं) विल्म्सचे लावा. सुरुवातीचं मॉडेल अगदी साधं: कॉन्स्टंट गुणिले टीबीॲब्स (वाटेतल्या वायूचं शोषण) गुणिले कंस, कंसात डिस्कबीबी (डिस्क) अधिक कटऑफ पॉवर लॉ (कोरोना). ए मोड्यूलचा कॉन्स्टंट १ वर फिक्स, बीचा मोकळा, तो १ पासून दोन-चार टक्क्यांपेक्षा जास्त सरकला तर रिजन परत तपासा.

आता युक्ती अशी की ४ ते ८ आणि १२ ते ४० केईव्हीचा भाग तात्पुरता लपवून फिट करायचं, मग लपवलेलं परत आणून फिट न करता नुसता रेशो प्लॉट (डेटा भागिले मॉडेल) बघायचा. स्क्रीनवर जे दिसतं ते नीट न्याहाळा. ४-५ केईव्हीपासून आलेख हळूहळू चढायला लागतो, ६ च्या पुढे शिखर, आणि ७ च्या आसपास एकदम कोसळतो. मग २० ते ३० केईव्हीत एक रुंद टेकडी. लोखंडाचा फोटॉन खरं तर ६.४ ला, किंवा वायू जास्त आयनीभूत असेल तर ६.७ किंवा ६.९७ ला निघतो, सगळे एका अरुंद रेषेत यायला हवेत. पण आतल्या कडेजवळ वायू प्रकाशाच्या वेगाच्या मोठ्या अंशाने फिरतोय, आपल्याकडे येणाऱ्या बाजूचे फोटॉन निळसर आणि उजळ होतात, आणि गुरुत्वाकर्षणातून वर चढताना सगळेच एनर्जी गमावतात, म्हणून डावीकडे लांब शेपूट. कड जितकी आत, तितकं शेपूट लांब. ही रुंद रेषा एमसीजी-६-३०-१५ या आकाशगंगेत जपानच्या आस्का सॅटेलाइटने १९९५ साली पहिल्यांदा ठळकपणे दाखवली. उजवीकडच्या कोसळण्यावरून डिस्कचा कल (आपल्याला ती किती तिरकी दिसते) समजतो, डावीकडच्या शेपटावरून कड.

पद्धत एक: रिफ्लेक्शन

रिफ्लेक्शन म्हणजे डिस्कवरून परावर्तित झालेले कोरोनाचे एक्स-रे, वर दिसलेली रेषा आणि टेकडी त्यांचीच. आता कटऑफ पॉवर लॉ काढून रेलक्सिल जोडा. पॅरामीटर बरेच आहेत, एकदम सगळे मोकळे सोडलेत तर फिट कुठेही भरकटतो.

सुरुवात अशी करा: आतली त्रिज्या उणे १ ठेवा, याचा अर्थ "कड शेवटच्या स्थिर कक्षेवरच आहे असं धर". स्पिन मोकळा. कल मोकळा. बाहेरची त्रिज्या ४०० वर फिक्स, रेडशिफ्ट ० कारण सोर्स आपल्याच आकाशगंगेत आहे. बाहेरचा एमिसिव्हिटी इंडेक्स (त्रिज्येबरोबर चमक किती झपाट्याने घटते तो आकडा) ३ वर फिक्स करून आतला मोकळा सोडा. त्रिज्या आणि स्पिन दोन्ही एकाच वेळी मोकळे कधीच सोडू नका, रेषेचं शेपूट दोन्हींमुळे लांबतं, डेटाला ते वेगळे करता येत नाहीत. डिस्क तुटली आहे का हे तपासायचं असेल तर वेगळा फिट करा, स्पिन ०.९९८ वर बांधा आणि त्रिज्या मोकळी सोडा, बघा ती कुठे जाऊन बसते.

लोखंडाचं प्रमाण सूर्याच्या कितीतरी पट आलं तर खूश होऊ नका. सिग्नस एक्स-१ मध्ये हेच होत होतं आणि २०१८ मध्ये दाखवलं गेलं की डिस्कची घनता मॉडेलमध्ये फार कमी धरलेली असल्यामुळे ते घडतं, जास्त घनतेचं मॉडेल लावल्यावर लोखंड सूर्याच्या जवळपास येतं. रेलक्सिलच्या नव्या आवृत्त्यांत घनता हा पॅरामीटर आहे, वापरा.

आणि कल. सिग्नस एक्स-१ ची कक्षा साधारण २७ अंशांनी कललेली आहे, पण २०१२ च्या न्यूस्टार आणि जपानी सुझाकू सॅटेलाइटच्या निरीक्षणात रिफ्लेक्शनवरून कल ४० अंशांच्या वर आला, स्पिन ०.८३ पेक्षा जास्त. पुढे २०२२ मध्ये आयएक्सपीई या सॅटेलाइटने या सोर्सचं ध्रुवीकरण सुमारे ४ टक्के मोजलं, ते पण २७ अंशांच्या कलातून सहज निघत नाही. म्हणजे आतली डिस्क बाहेरच्या कक्षेच्या मानाने तिरकी असू शकते. म्हणून कल कक्षेचा आकडा घेऊन फिक्स करायचा की मोकळा सोडायचा, दोन्ही करून बघा आणि दोन्ही उत्तरं लिहा. एकच लिहिणं प्रामाणिकपणाचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पद्धत दोन: डिस्कचं स्वतःचं तेज

ही फक्त सॉफ्ट स्टेटसाठी, आणि तेज एडिंग्टन मर्यादेच्या (जिथे प्रकाशाचा दाब गुरुत्वाकर्षणाला तोलून धरतो) ३० टक्क्यांखाली असेल तरच, नाहीतर डिस्क पातळ राहत नाही आणि मॉडेलचा पायाच जातो. एडिंग्टन मर्यादा एका सूर्यामागे १.२६ गुणिले १० चा ३८ वा घात अर्ग दर सेकंद.

कल्पना सोपी आहे. तापमान कळलं, किती प्रकाश येतो ते कळलं, अंतर माहीत असलं की चमकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ निघतं, त्यावरून कड. हाताने एकदा करून बघा. समजा डिस्कबीबीचं नॉर्म (चमकेचा गुणक) १००० आलं, अंतर ८ किलोपार्सेक, कल ६० अंश. नॉर्मला कोसाइनने भागून वर्गमूळ काढा, ४४.७ येतं, त्याला ०.८ ने (१० किलोपार्सेकच्या एककातलं अंतर) गुणा, ३५.८ किमी. पण डिस्कचा रंग तिच्या खऱ्या तापमानापेक्षा गरम दिसतो, त्याची आणि आतल्या सीमेची दुरुस्ती मिळून १.१९ ने गुणायचं, ४२.६ किमी. वस्तुमान १० सूर्य धरलं तर २.९ गुरुत्वीय त्रिज्या, म्हणजे स्पिन ०.८ च्या जवळ. आता फक्त अंतर ८ ऐवजी १० करा. कड ५३ किमी, ३.६ त्रिज्या, स्पिन ०.६५. डेटाला हातही लावला नाही आणि स्पिन इतका हलला.

हे नुसतं कागदावरचं नाही. सिग्नस एक्स-१ चं अंतर आधी १.८६ किलोपार्सेक आणि वस्तुमान १४.८ सूर्य धरायचे, २०११ मध्ये त्यावरून स्पिन ०.९५ पेक्षा जास्त आला. २०२१ मध्ये रेडिओ दुर्बिणींनी अंतर २.२२ आणि त्यावरून वस्तुमान २१.२ काढलं. किमीमधली कड अंतराबरोबर वाढते, १.१९ पट, पण गुरुत्वीय त्रिज्या वस्तुमानाबरोबर १.४३ पट वाढली, म्हणजे भागाकार ०.८३, कड १७ टक्के आत सरकली. आणि नवा स्पिन जाहीर झाला ०.९९८५ पेक्षा जास्त, थॉर्न यांच्या व्यावहारिक मर्यादेच्याही वर. एक्स-रेच्या बाजूने काहीच न बदलता. म्हणून या पद्धतीत अंतर, वस्तुमान आणि कल हे तीन आकडे कुठून घेतले ते पहिल्या ओळीत लिहायचं.

प्रत्यक्ष फिटसाठी डिस्कबीबी सोडून केरबीबी लावा, त्यात सापेक्षतावाद नीट आहे. वस्तुमान, अंतर, कल बांधा, नॉर्म १ वर बांधा, रंगाची दुरुस्ती १.७ पासून सुरू करा, मोकळे फक्त स्पिन आणि वायू आत पडण्याचा दर. सिग्नस एक्स-१ मध्ये सॉफ्ट स्टेटमध्येही हार्ड शेपटी राहतेच, म्हणून नुसता पॉवर लॉ न जोडता सिम्पल नावाचं कन्व्होल्युशन मॉडेल वापरा, पॉवर लॉ खालच्या एनर्जीला भरमसाट वर जातो आणि डिस्कचा प्रकाश चोरतो.

एरर

फिट झाला की लगेच एरर कमांड मारून मोकळे होऊ नका. स्टेपपार वापरून स्पिन ०.५ पासून ०.९९८ पर्यंत पायरी-पायरीने न्या आणि काय-स्क्वेअर प्लॉट करा. दोन खड्डे दिसले तर समजा फिट लोकल मिनिममला अडकला होता. मग एमसीएमसी चेन (यादृच्छिक पावलांनी पॅरामीटर्सच्या शक्य किमती चाचपणं) चालवा, गुडमन-विअर अल्गोरिदम, वॉकर्स पॅरामीटर्सच्या कमीत कमी दुप्पट, सुरुवातीचा भाग फेकून द्या. स्पिनचं वितरण ०.९९८ च्या भिंतीला टेकलेलं असेल तर मधली किंमत देऊ नका, खालची मर्यादाच द्या. अंतर-वस्तुमान-कल यांच्या अनिश्चिततेसाठी त्यांच्या एररमधून यादृच्छिक आकडे उचलून तोच फिट पुन्हा पुन्हा करायचा, कंटाळवाणं आहे पण स्क्रिप्ट लावून रात्रभर सोडता येतं, आणि बहुतेक वेळा खरा एरर यातूनच येतो, फोटॉन मोजणीतून नाही.

ॲस्ट्रोसॅट वापरणार असाल तर

डेटा इस्रोच्या आयएसएसडीसी या डेटा केंद्राच्या ॲस्ट्रोब्राउझवर खातं उघडून मिळतो. एसएक्सटीच्या प्रत्येक ऑर्बिटची वेगळी फाइल येते, मर्जर टूलने आधी एकत्र करा. फिट करताना गेन फिटमध्ये (चॅनेल आणि एनर्जीचं नातं सुधारणारी कमांड) स्लोप १ वर बांधून ऑफसेट मोकळा सोडायचा, नाहीतर २ केईव्हीच्या आसपास खोट्या रेषा दिसतात. सिस्टेमॅटिक एरर २ ते ३ टक्के जोडा. लॅक्सपीसीच्या तीन युनिटांपैकी २० क्रमांकाचंच शक्यतो वापरा, ३० मध्ये गॅस गळती झाल्यामुळे ते २०१८ मध्ये बंद केलं आणि १० चा गेन स्थिर नाही.

एक गोष्ट मला मनापासून खुणावते. एक्स-रे बायनरीतली बरीच कृष्णविवरं जोरात फिरताना दिसतात, आणि गुरुत्वीय लहरींतून सापडलेल्या बहुतेक जोड्यांचा एकत्रित (कक्षेच्या दिशेतला) स्पिन कमी निघतो. दोन्ही प्रकारची कृष्णविवरं वेगळ्या वाटेने बनतात, की एक्स-रेवाल्यांची मॉडेल्स कुठेतरी कमी पडतात? हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो-इंडिया उभं राहतंय, आणि १ जानेवारी २०२४ ला गेलेल्या एक्सपोसॅट सॅटेलाइटवरचं पोलिक्स हे उपकरण ८ ते ३० केईव्हीत ध्रुवीकरण मोजतं, म्हणजे कलाचा तिढा सोडवायला वेगळी वाट.

सिग्नस एक्स-१ जमला की पुढे ४यू १६३०-४७ चा सॉफ्ट स्टेटचा ॲस्ट्रोसॅट डेटा काढा आणि केरबीबी लावा. त्याचं अंतर आणि वस्तुमान दोन्ही कच्चे आहेत, तेव्हा एकच स्पिन काढत बसू नका. अंतर-वस्तुमानाचा एक ग्रिड करा, प्रत्येक चौकटीत निघालेला स्पिन भरा, आणि ते टेबल रिपोर्टच्या पहिल्या पानावर लावा.